चैत्रालीचा बॉल

चैत्राली नेहेते जळगावची. ती सॉफ्टबॉल खेळायची. हा खेळ बेसबॉलसारखाच. बॉल थोडा मोठा, मैदान थोडं लहान, आणि बॉल टाकणारी हात पूर्ण गोल फिरवून तो कमरेजवळून सोडते. ती पिचर. तिच्यासमोर उकिडवी बसून जी तो बॉल झेलते ती कॅचर. चैत्राली पिचर होती. सिंगापूरमध्ये रोज सकाळी तिचा बॉल मी झेलायचे.

मला खेळातलं काही कळत नव्हतं. पुण्यात मराठीत एम.ए. करून मी जानेवारी २०१५ मध्ये इथे आले. पाया लेबारच्या एका कंपनीत मुलांच्या ऑनलाइन धड्यांचा मजकूर तपासायची नोकरी होती. हौगांगमध्ये एका फ्लॅटमधली अर्धी खोली मिळाली. उरलेल्या अर्ध्या खोलीत चैत्राली होती.

पहिल्या दिवशी तिनं माझी बॅग उचलून आत ठेवली आणि म्हणाली, "हात बघू."

मी हात पुढे केले.

"मोठे आहेत. काही खेळायचीस?"

"नाही. मी साहित्याची."

"चालेल. उद्या सव्वासातला उठ."

तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. बाराव्या वर्षी खेळ शिकवणाऱ्या मनोहर सरांनी तिला शाळेच्या मैदानावर दगड मारताना पाहिलं. दगड चिंचेला मारत होती आणि चिंच पडत होती. सरांनी दगड काढून घेतला आणि बॉल दिला. चौदाव्या वर्षी ती जिल्ह्यासाठी खेळली, सोळाव्या वर्षी महाराष्ट्रासाठी. आठ राष्ट्रीय स्पर्धा. एकदा भारताच्या शिबिरात तीन आठवडे राहून आली. अंतिम यादीत नाव नव्हतं. ते सांगताना ती हसायची, पण विषय बदलायची.

खेळाडू म्हणून तिला एका सरकारी कार्यालयात नोकरीही लागली होती. सकाळी सही करायची आणि दिवसभर मैदानावर. एक वर्ष असं गेलं. मग कार्यालयाचा संघ बंद झाला आणि तिला आवक टपाल नोंदवायला बसवलं. कॉम्प्युटरची पदवी होतीच. पुण्यात सॉफ्टवेअर तपासायचं काम शिकली आणि इथे आली. इथे बिशानच्या एका शाळेच्या मैदानावर रविवारी खेळणारा क्लब तिनं पहिल्याच महिन्यात शोधून काढला होता. फ्लॅट नंतर शोधला.

आमच्या ब्लॉकच्या मागे कालव्याच्या कडेला गवताची पट्टी आहे. तिथे ती पावलं मोजून तेरा मीटर घ्यायची. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी, गुडघे दुमडून, हातात तिचा जुना जाड मिट, म्हणजे झेलायचा हातमोजा. पहिल्या आठवड्यात मी बरेचसे बॉल छातीवर घेतले. दुसऱ्या आठवड्यापासून बॉल मिटमध्ये पडायला लागला, पण तळहात असा झणझणायचा की ऑफिसमध्ये डाव्या हातानं टाइप करवत नसे. तर्जनीखालचा भाग लाल, मग जांभळा, मग पिवळा. चैत्राली तो बघून खूश व्हायची.

"वं माय! मस्त. कॅचरचा हात होतोय."

खुणाही शिकवल्या. मी मांडीआड एक बोट दाखवलं तर सरळ जोराचा बॉल, दोन बोटं म्हणजे खाली बसणारा, तीन म्हणजे फसवा, मंद. तिला पटलं तर मान खाली. नाही पटलं तर मान हलवायची आणि मी बोटं बदलायची.

आणि मग मनोहर सरांचा नियम. पिचरला स्वतःचा बॉल दिसत नाही. तो सुटला की तिच्या हातून गेला. तो कसा आला हे फक्त कॅचरला माहीत. म्हणून सराव संपला की कॅचरनं बॉल सांगायचा. पिचरनं ऐकायचं, उलट बोलायचं नाही. जळगावात कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं.

पहिल्या दिवशी मी सांगितलं, "एखादं पाखरू झाडावरून सुटून..."

"ए एम.ए.! कविता नको. बॉल सांग."

"म्हणजे कसं?"

"वर की खाली. लवकर की उशिरा. आत की बाहेर. जिवंत की मेलेला. संपलं. विशेषणं पुस्तकात ठेव."

मी शिकले. "वर, लवकर, जिवंत." "खाली, बाहेर." ती टॉवेलनं मान पुसत ऐकायची. मग आम्ही खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांत, कोपी म्हणजे इथली कॉफी प्यायचो आणि धावत MRT, इथली मेट्रो, पकडायचो.

तिचा उजवा खांदा दुखायचा. मी आले तेव्हाही दुखतच होता. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पिचरचा खांदा दुखतोच, जळगावच्या सगळ्या पिचर मुली रात्री खांद्याला बर्फ बांधून झोपायच्या. इथे बर्फ नव्हता म्हणून ती घरमालकिणीच्या फ्रीजरमधली डंपलिंगची पिशवी बांधायची. घरमालकीण शेजारच्या खोलीत राहायची. तिला आम्ही आंटी म्हणायचो.

"आय्या! माय डंपलिंग अगेन!" आंटी सकाळी ओरडायची. "धिस गर्ल क्रेझी, लाह. यू ईट ऑर यू वेअर?"

"बोथ, आंटी," चैत्राली म्हणायची.

जूनमध्ये क्लबची लीग संपली. पुढची जानेवारीत होती. रविवारी ती बिशानला जायची, पण बॉल टाकायची नाही, लहान मुलींना शिकवायची. खांद्याला विश्रांती, म्हणायची. म्हणजे जूनपासून तिचा बॉल माझ्याशिवाय कुणाच्याच हातात पडत नव्हता.

जुलैत माझा तळहात दुखेनासा झाला.

मला वाटलं, मला जमायला लागलं. हात कमावला गेला. मी पुण्याला घरी फोन करून सांगितलं. चैत्रालीला तळहात दाखवला, साधा, लाली नसलेला. तिनं माझ्या पाठीवर थाप मारली. त्या संध्याकाळी तिनं भरीत केलं. इथली लांबट जांभळी वांगी बघून ती दर वेळी चिडायची. "ही वांगी आहेत का? पेन्सिली आहेत." तरी केलं. माझ्या तळहातासाठी केलं.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी मी तिच्याबरोबर बिशानला गेले. क्लबची दुसरी पिचर सतरा वर्षांची एक शाळकरी मुलगी होती. तिची कॅचर उशिरा येणार होती. चैत्राली म्हणाली, "अनघा, दहा मिनिटं बस तिच्यासमोर."

त्या मुलीचा बॉल चैत्रालीच्या बॉलपेक्षा बराच मंद, हे क्लबमध्ये सगळ्यांना माहीत होतं. तिनं पहिला बॉल टाकला आणि माझा हात कोपरापर्यंत झणझणला. दुसरा. तिसरा. मी मिट काढून बघितलं. तर्जनीखाली लाल झालं होतं.

पलीकडे चैत्राली लहान मुलींना पाय कसा टाकायचा ते दाखवत होती.

घरी येताना MRT मध्ये मी डावा हात उजव्या हातात धरून बसले होते. माझा हात कमावला गेला नव्हता. चैत्रालीचा बॉल मंद झाला होता. मला ते कळलं होतं, आणि ते सांगणं हेच माझं काम होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं वीस बॉल टाकले. वीसच्या वीस माझ्याकडे आले आणि मिटमध्ये बसले, उशी ठेवल्यासारखे. ती टॉवेल घेऊन आली.

"सांग."

तिचं तोंड घामानं चमकत होतं. आदल्या आठवड्यात ऑफिसमध्ये तिची टीम मोडली होती, नवा मॅनेजर आला होता, ती रोज उदास घरी यायची. सकाळची ही वीस मिनिटं सोडली तर त्या आठवड्यात तिला हसताना मी पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "छान पडतोय."

"छान म्हणजे? जिवंत?"

"जिवंत."

ती मान डोलावून कोपी प्यायला निघाली.

त्यानंतर रोज तेच. सप्टेंबरमध्ये शेजारच्या बेटांवरच्या आगींचा धूर शहरावर आला. शाळा एक दिवस बंद राहिल्या, माणसं मास्क लावून फिरायला लागली. आमचा सराव कधी व्हायचा, कधी नाही. मला बरं वाटलं. ज्या दिवशी सराव नाही त्या दिवशी खोटं नाही. ऑक्टोबरमध्ये धूर थोडा विरळ झाला. तिनं बॉल टाकले. चार तर माझ्यापर्यंत पोहोचायच्या आधी टप्पा पडून आले. ती म्हणाली, "धुरानं दम लागतोय." मी म्हटलं, "हो, धूरच." ती म्हणाली, "पण पडतोय ना नीट?" मी म्हटलं, "छान पडतोय."

डंपलिंगची एक पिशवी पुरेनाशी झाली. ती दोन बांधायला लागली.

मनोहर सरांच्या मुलींची एक रीत आहे. दिवाळीच्या पाडव्याला सकाळी जळगावात असतील त्या सगळ्या जुन्या पिचर शाळेच्या मैदानावर जमतात. कुणाची मुलं मोठी झालेली, कुणी नऊवारी नेसून आलेली. प्रत्येकीनं सरांसमोर पाच बॉल टाकायचे. सर प्रत्येकीला एक शब्द सांगतात. मग फराळ. सर 'छान' हा शब्द वापरत नाहीत. पंधरा वर्षांत चैत्रालीनं तो त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. ज्या गावाबाहेर असतात त्या एक-दोन दिवस आधी व्हिडिओ पाठवतात.

दिवाळीच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही फोन बाकावर टेकवून ठेवला आणि तिनं पाच बॉल टाकले. तिनं तो व्हिडिओ न बघताच पाठवला. स्वतःचा बॉल बघायचा नाही, हेही नियमातलंच.

पाडव्याला सरांचा फोन आला. तिनं स्पीकर लावला.

"चैत्राली, व्हिडिओ पाहिला."

"हो सर. काय शब्द?"

"कॅचर कोण आहे?"

"माझी रूममेट, सर. अनघा. इथेच आहे, ऐकतेय."

"अनघा बेटा, सराव झाला की तू हिला काय सांगतेस?"

मी म्हटलं, "छान पडतोय, म्हणते सर."

"रोज?"

"हो."

मागे मुलींचा आवाज येत होता, कुणीतरी चकली मागत होतं.

"चैत्राली, तुझा बॉल मेलाय. सुटतानाच मेलाय. तू हात फिरवत नाहीस, अंगानं ढकलतेस. उद्या डॉक्टरला दाखव."

"सर, इथे धूर होता ना..."

"धूर खांद्यात शिरतो का?"

"नाही सर."

"उद्या म्हणजे उद्या. फराळ केलास?"

"केला सर."

तिनं फोन पालथा ठेवला. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी होते.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"ऑगस्ट."

"मग छान काय म्हणत होतीस?"

मी खरं ते सांगितलं. "तू खूश व्हायचीस."

ती ओरडली नाही. मला वाटलं होतं, ओरडेल. ती म्हणाली, "मैत्रिणी मला ढीगभर आहेत गं. तुला मी कॅचर केलं होतं."

ती अकरा दिवस माझ्याशी बोलली नाही. खोली दहा बाय अकराची. दोन पलंगांमध्ये एक खुर्ची. ती माझ्या शेजारून जायची, माझी कपडे वाळत घालायची दांडी आत घ्यायची, माझा चहाही करून ठेवायची, पण बोलायची नाही.

या अकरा दिवसांत तिचा एक्स-रे झाला. तो काढणाऱ्यानं पुन्हा काढला, मग तिसऱ्यांदा काढला, मग तिला थांबायला सांगितलं. मग मोठं हॉस्पिटल, स्कॅन, हाडाचा तुकडा तपासायला पाठवला. हे मला आंटीकडून कळत होतं. बाराव्या दिवशी सकाळी चैत्राली दारात चपला घालत थांबली आणि म्हणाली, "चल. एकटीला ऐकायचं नाहीये."

दंडाच्या हाडाचा कॅन्सर. खांद्याच्या अगदी जवळ. पसरला नव्हता, पण हाताकडे जाणाऱ्या नसांभोवती त्यानं वेढा घातला होता. आधी औषधं देऊन बघू, डॉक्टर म्हणाले. आकसला तर हात राहील.

चैत्रालीनं एकच विचारलं. "हाऊ लाँग हॅज इट बीन देअर?"

काही महिने, ते म्हणाले.

ती औषधाच्या दुकानाकडे गेली तेव्हा मी मागे राहिले. डॉक्टरांना विचारलं, अडीच महिने आधी आलो असतो तर? त्यांनी पेन खाली ठेवलं. कदाचित हात वाचवणं सोपं गेलं असतं, म्हणाले. बाकीचं कुणालाच सांगता येणार नाही.

जळगावहून तिची आई आली. सुलेखाकाकू. एक बॅग कपड्यांची, एक बॅग कळण्याच्या भाकरीच्या पिठाची. आंटीनं आपल्या खोलीत त्यांना गादी दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. काकू भरीत करायच्या आणि आंटी त्यात सोया सॉस घालून खायची. काकूंनी ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. "खाऊ दे बाई, तिचं घर आहे."

काकू मला चैत्रालीच्या आधी वाढायच्या. "तू होतीस म्हणून," असं दिवसातून एकदा तरी म्हणायच्या. तेव्हा चैत्राली माझ्याकडे बघायची आणि मी ताटाकडे.

एकदा आम्ही दोघीच होतो तेव्हा ती म्हणाली, "आईला आत्ता सांगू नकोस. ती इथे तुझ्या भरवशावर झोपते."

गाठ आकसली नाही. मार्चमध्ये हात खांद्यापासून काढला.

शुद्धीवर आल्यावर तिनं डाव्या हातानं चादर बाजूला करून बघितलं. बराच वेळ बघितलं. काकू बाहेर गेल्या. मी बसून राहिले. मग ती म्हणाली, "आंटीला सांग, डंपलिंग आता सुरक्षित आहेत."

मी आंटीला सांगितलं. आंटी स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली.

चैत्राली सगळं डाव्या हातानं शिकली. ऑफिसचं काम, चमचा, टॅप करायचं MRT चं कार्ड. वेणी घालायचे दिवस नव्हते, केस गेलेच होते. मेमध्ये ती मला म्हणाली, "मिट काढ."

आम्ही पुन्हा कालव्याच्या कडेला गेलो. ती तेरा मीटरवर उभी राहिली नाही. पाच मीटरवर राहिली. बॉल सुटला तो आमच्या ब्लॉककडे गेला. तिनं मला सांगायला लावलं.

"डावीकडे. खूप वर. मेलेला."

"शाब्बास," ती म्हणाली. "हे आधी केलं असतंस तर."

ते तिनं हसत म्हटलं. मला हसता आलं नाही. तिनं ते पाहिलं आणि त्यानंतर ते वाक्य पुन्हा कधी म्हटलं नाही.

जूनमध्ये ती सहा मीटरवर गेली. जुलैत आठ. ज्या सकाळी अंगात ताकद असेल त्या सकाळी. कालव्याकडेला फिरायला येणारी म्हातारी माणसं थांबून बघायची. एक काका रोज अंगठा वर करून शाबासकी द्यायचे. ती म्हणायची, "यांना कॅचर नको करू, सगळं छानच म्हणतील."

ऑगस्टमध्ये तिच्या फुप्फुसात कॅन्सरचे ठिपके दिसले.

हे मला तिनं सांगितलं नाही, नंतर काकूंकडून कळलं. तिचा वर्क पास, इथे काम करायचा परवाना, ऑक्टोबरमध्ये संपत होता. एक दिवस तिचा लॅपटॉप उघडा होता आणि मला पत्र दिसलं. तिनं कंपनीला कळवलं होतं, नूतनीकरणाचा अर्ज करू नका. दोन ओळी होत्या. दुसऱ्या ओळीत तिनं सगळ्यांचे आभार मानले होते.

मी लॅपटॉप बंद केला. संध्याकाळी तिला विचारलं, "जळगावला जाणारेस?"

"हो. पाडवा आहे ना."

निघायच्या दिवशी टॅक्सी दहाची होती. काकू बॅगांना दोऱ्या बांधत होत्या. सव्वासातला चैत्रालीनं मला हलवून उठवलं.

कालव्याच्या कडेला गवत ओलं होतं. तिनं पावलं मोजली. मध्ये दोनदा थांबून श्वास घेतला. पूर्ण तेरा मीटर.

मी गुडघे दुमडले. एक बोट दाखवलं. तिनं मान हलवली. दोन बोटं. मान हलवली. तीन बोटं दाखवली, फसवा, मंद. तिनं मान खाली केली.

पहिला बॉल निम्म्यात पडला आणि घरंगळत आला.

"सांग."

"खाली. उशिरा. मेलेला."

"हं."

तिनं सात बॉल टाकले. प्रत्येक बॉलनंतर मी सांगितलं. सातवा बॉल टप्पा न पडता आला, हळू, छातीच्या उंचीवर, आणि मिटच्या मधोमध बसला.

"सांग."

"मध्ये. उशिरा."

"लागला हाताला?"

मला हो म्हणता आलं असतं. मी मिट काढून हात तिला दाखवला. "नाही."

ती तिथेच गवतावर बसली. मी बॉल घेऊन तिच्याजवळ गेले. तिचा श्वास सरळ होईपर्यंत शेजारी बसले.

"आई विचारेल तुला," ती म्हणाली. "आत्ता नाही. मी गेल्यावर. तिच्या डोक्यात ते फिरतंय, मला माहितीये. तेव्हा छान म्हणू नकोस. बॉल सांग."

"त्या मला काय म्हणतील?"

"ते मला काय माहीत? मी पिचर आहे."

मग ती म्हणाली, "उठव मला."

मी तिला उठवलं. मिट तिनं माझ्याकडेच ठेवला.

पाडवा ३१ ऑक्टोबरला होता. मी ऑफिसमध्ये होते. दुपारी तिचा मेसेज आला. ती मैदानावर गेली होती. रवींद्रकाका, म्हणजे तिचे वडील, तिला गाडीतून घेऊन गेले. पाच बॉल टाकायचे होते, तीन टाकता आले. सगळ्या जणी उभ्या होत्या.

खाली एकच ओळ होती. 'सर छान म्हणाले.'

मी जेवायच्या जागी जाऊन बसले. उत्तर लिहायला घेतलं आणि पुसलं. तेवढ्यात तिचाच दुसरा मेसेज आला. 'कळलं मला.'

ती १७ जानेवारीला गेली. सकाळी. काकांनी फोन केला. मी म्हटलं, "हो काका." अजून काही म्हटलं असेन तर आठवत नाही. आंटीला सांगितलं. आंटी फ्रीजपाशी गेली, दार उघडलं आणि तशीच उभी राहिली.

त्यानंतर काकू मला दर रविवारी फोन करायच्या. इथला पाऊस, आंटीचं गुडघ्याचं दुखणं, मी काय खाल्लं. चैत्रालीचं नाव निघायचं नाही.

मार्चच्या पहिल्या रविवारी म्हणाल्या, "कपाट आवरलं आज तिचं."

"हो का काकू."

"अनघा, एक विचारू?"

मी पलंगावर बसले होते. समोरच्या पलंगावर आता दुसरी मुलगी राहते. ती बाहेर गेली होती.

"सर तेव्हा म्हणाले होते, बॉल बरेच दिवसांचा मेलेला दिसतोय. तू तर रोज झेलत होतीस गं. तुला आधी काही जाणवलं नव्हतं का?"

"जाणवलं होतं, काकू."

"कधी?"

"ऑगस्टच्या शेवटी. बॉल मंद झाला होता. हाताला लागत नव्हता. ती रोज विचारायची. मी तिला छान म्हणत राहिले."

तिकडे कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी गॅस बारीक केला.

"म्हणजे पाडव्यापर्यंत."

"हो. अडीच महिने."

"तिला माहीत होतं?"

"हो काकू. पाडव्यालाच कळलं तिला."

"आणि मी तुला वाढत होते तेव्हा?"

"तेव्हाही माहीत होतं. दोघींना."

फोन चालू होता. भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग नळाचा. मी फोन कानाला लावून बसले. मला वाटतं पाच-सहा मिनिटं गेली असतील. मग त्या म्हणाल्या, "बरं," आणि फोन ठेवला.

त्याला आज तेरा दिवस झाले. गेल्या रविवारी त्यांचा फोन आला नाही. मी दिवसभर घरी होते.

उद्या रविवार आहे. उद्या मी करणार आहे. त्या उचलतील की नाही, मला माहीत नाही.